पान रिकामं दिसतंय, लोक म्हणतील माल संपला

पंचगंगाकाठी | ११ फेब्रुवारी, रात्री ११.२०

मंडळी, थोडं मन मोकळं करायचंय आणि थोडा सल्ला हवाय.

कोल्हापुरात मी आणि बायको मिळून वेबसाइट बनवायचा छोटा धंदा करतो. बारा वर्षं झाली. मांडणी आणि चित्रं माझ्याकडं, कोड आणि गिऱ्हाइकांचे फोन तिच्याकडं. (दोन्हींत अवघड काय ते विचारू नका.) एक पोरगा कॉलेज करून संध्याकाळी येतो. शाळा, दवाखाने, गुऱ्हाळवाले, चपलांचे दुकानदार अशी वर्षाला पंधरा-वीस कामं होतात.

नोव्हेंबरात देवगडकडच्या एका आंबा बागायतदारांचं काम आलं, पाहुण्यांच्या ओळखीतनं. दलालाला वगळून पेट्या थेट घरोघरी पाठवायच्या, त्यासाठी साइट पाहिजे. पस्तीस हजारांत ठरलं, निम्मे आगाऊ मिळाले. गुढीपाडव्याच्या आत सुरू करायचं होतं.

मी काय केलं ते खालच्या चित्रात बघा. सायीच्या रंगाची पार्श्वभूमी, मधोमध एकच आंबा, खाली बारीक नाजूक अक्षरांत 'देवगड हापूस', बाकी सगळं पान मोकळं. सहा दिवस घातले. खरं सांगायचं तर निम्मं त्यांच्यासाठी आणि निम्मं पुढच्या गिऱ्हाइकांना दाखवायला म्हणून केलं होतं.

त्यांनी मोबाइल आडवा धरला, उभा धरला आणि म्हणाले, "छान आहे हो. पण पान रिकामं दिसतंय. लोक म्हणतील माल संपला."

मग यादी आली. पेट्यांचे पाच फोटो. वडिलांचा फोटो. गणपती. फोन नंबर मोठा. जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह. आणि वर 'आंबे तयार आहेत' अशी फिरती पट्टी!

दोनदा बदल करून दिलेत, आता तिसऱ्यांदा मागतायत. मोकळी जागा नजरेला वाट दाखवते, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. बायको म्हणते, मागतात ते घाल आणि पैसे सोडवून घे. अडून बसावं की भरून टाकावं?


चहाबिस्कीट | ११ फेब्रुवारी, रात्री ११.३४

द्या हो फिरती पट्टी. लाल रंगात द्या. आणि कोपऱ्यात लुकलुकणारं 'नवीन!!' विसरू नका.


पंचगंगाकाठी | ११ फेब्रुवारी, रात्री ११.४१

तुम्ही त्यांचे कोण लागता?


करवतकाठी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.०५

पुण्यातली आंबा गिऱ्हाईक म्हणून लिहिते. डिझाइनमधलं काही कळत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका साइटवरून दोन डझन मागवले. चित्रात आंबा पडदाभर होता, हातात आला तो लिंबाचा थोरला भाऊ. तेव्हापासून मी आधी एवढंच बघते: एक फळ साधारण किती ग्रॅमचं, कच्चं येणार की तयार, पोचायला किती दिवस, आणि साका (आतला गर खराब) निघाला तर बदलून देणार का. तुमच्या पानावरून मला यातलं काहीच कळलं नाही. आंबा सुंदर आहे, पण शेजारी काहीच नसल्यामुळे तो केवढा तेही कळत नाही.

आणि ती नाजूक अक्षरं! मला चष्मा लागलेला नाही असं मी घरी सांगत असते, तुमच्या पानाने माझं पितळ उघडं पाडलं.


ब्रशवाल्याची लेक | १२ फेब्रुवारी, दुपारी २.४८

माझे वडील कराडला पेंटर होते. म्हणजे दुकानांचे बोर्ड, ट्रकच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती. फ्लेक्स आला आणि पाच-सहा वर्षांत काम आटलं, तो विषय वेगळा.

बाबा ऑर्डर घेतली की ब्रश काढायचे नाहीत. आधी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. दुकानदार आत चहा मागवून बसलेला आणि हे तिकडे समोरच्या पानपट्टीपाशी. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बोर्ड दुकानदार वाचत नाही. तो त्याच्या पाठीमागं असतो. वाचणारा इथनं वाचतो, नाहीतर एसटीच्या खिडकीतनं." एसटीच्या रस्त्यावरच्या बोर्डाला ते तीनच शब्द ठेवायचे, भले मालक दहा शब्दांचे पैसे देऊ दे. उलट बोळातल्या किराणा दुकानाच्या पाटीवर साबण, तेल, वह्या, उदबत्ती, सगळं लिहायचे. तिथे माणूस पायी येतो, उभा राहून वाचतो, आणि पाटी जितकी भरलेली तितकं दुकान भरलेलं असं त्याला वाटतं.

तुमचे बागायतदार हेच म्हणतायत असं मला वाटतं. मंडईत ज्याच्या पुढ्यात रास मोठी त्याच्याकडे लोक जातात. शेवटचे चार आंबे घेऊन बसलेल्याकडे घासाघीस करायला जातात. तुम्ही त्यांना चार आंबेवाला करून ठेवलंत, तेही तीन कमी.

मोकळी जागा वाईट असं मी म्हणत नाही. सोन्याच्या दुकानाच्या काचेत एकच हार मांडतात आणि तो महागच वाटतो. पण बघणारा तिथे काय ठरवून आलाय ते वेगळं असतं.


आडवी रेघ | १२ फेब्रुवारी, रात्री १०.१५

वरचा प्रतिसाद जपून ठेवलाय. मी अक्षरांबद्दलच बोलतो, कारण चित्र मोठं करून पाहिलं आणि जीव तुटला. शब्दशः तुटला, कारण तुमची शिरोरेषा तुटलीय.

रोमन अक्षरं मोकळी मोकळी ठेवली की महागडी वाटतात, म्हणून तुम्ही 'देवगड हापूस' मध्येही अंतर वाढवलंय. देवनागरीत तसं केलं की रेघेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. मराठीत अंतर वाढवायचं ते शब्दांमध्ये आणि ओळींमध्ये. ओळींची उंची तुम्ही अक्षराच्या १.४ पट ठेवली असावी, त्यामुळे वरच्या ओळीतला उकार खालच्या ओळीतल्या वेलांटीला जाऊन भिडलाय. १.७ करून बघा.

दुसरं म्हणजे वजन, म्हणजे अक्षरांची जाडी. फॉन्ट 'मुक्त' दिसतोय. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा, फुकट आहे, उत्तम आहे, आणि त्यात २०० ते ८०० अशी सात वजनं आहेत. तुम्ही नेमकं सगळ्यांत बारीक, २०० उचललंत. वर करडा रंग. साध्या मजकुराला पार्श्वभूमीशी निदान ४.५ ला १ एवढा भेद असावा असं वेबच्या सुलभतेचे निकष सांगतात, तुमचा तीनसुद्धा भरणार नाही. उन्हात फोन धरून बघा एकदा.

तिसरं थोडं किरकिरं आहे, पण मराठी माणसाला सांगायलाच हवं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवलीय का? नोटो सान्स देवनागरीसारखे काही फॉन्ट ती नोंद बघून ल आणि श मराठी वळणाचे देतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. नोव्हेंबर २०२२ च्या शासन निर्णयातही पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श असंच सांगितलंय. आंबा देवगडचा आणि ल लखनौचा, असं नको.

अवांतर: नाटकांच्या जाहिरातींसाठी कमल शेडगे (२०२० साली गेले) अक्षरं काढायचे. फार्स आहे की रडवणारं नाटक, हे नाव वाचायच्या आधी कळायचं. तुमची अक्षरं आत्ता 'त्वचारोगतज्ज्ञ' म्हणतायत.


चहाबिस्कीट | १२ फेब्रुवारी, रात्री १०.२२

'ल लखनौचा' साठी +१. बाकी काही कळलं नाही.


ताळेबंद | १३ फेब्रुवारी, सकाळी ७.३०

सगळे अक्षरांत रमलेत, म्हणून मी रुक्ष प्रश्न विचारतो. किती वेळा बदल करून द्यायचे हे लिहून घेतलंय का? की 'पाहुण्यांच्या ओळखीतलं' म्हणून तोंडी?

तोंडी असणारच. तर पुढच्या वेळेसाठी: कामाचे टप्पे पाडून पैसेही तसेच घ्या. निम्मे आगाऊ, तीस टक्के मांडणी पसंत पडल्यावर, वीस टक्के साइट सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. सुरू झाल्यानंतर नाही. बदल दोनदा, तिसऱ्यापासून दर तासाचा. डोमेन (साइटचा पत्ता) गिऱ्हाइकाच्याच नावावर आणि त्याच्याच ईमेलवर घ्या. ते स्वतःकडे ठेवून पैशांसाठी अडवणारे पाहिलेत मी, त्यांचं नाव बाजारात टिकत नाही.

उद्यम नोंदणी (छोट्या उद्योगांची सरकारी नोंद) नसेल तर करून घ्या, फुकट आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत भागवावं लागतं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. मुदतीत न दिलेली रक्कम त्या वर्षीचा खर्च म्हणून दाखवता येत नाही, अशी तरतूदही आयकरात आली, त्यामुळे कंपन्या आता जरा लवकर हलतात. आंबा बागायतदाराला या दुसऱ्या गोष्टीचा धाक नाही. शेतीच्या उत्पन्नाला आयकरच नाही!

आणखी एक, फार लोकांना ठाऊक नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढलेला फोटो, वेगळं काही ठरलं नसेल तर, काढून घेणाऱ्याच्या मालकीचा. पण स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने केलेली मांडणी त्याचीच राहते, लिहून दिल्याशिवाय हक्क जात नाही. लिहून देताना मुदत घातली नाही तर तो हक्क पाचच वर्षांसाठी दिला असं धरतात. दोन ओळी लिहून ठेवा, पुढे दोघांनाही बरं.

जीआयच्या चिन्हाबद्दल. हापूसला ते २०१८ मध्ये मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर मिळून. पण वापरायचा अधिकार नोंदणी केलेल्यालाच असतो. त्यांच्याकडून प्रमाणपत्र मागून घ्या आणि मगच छापा.


वायव्येचा वारा | १३ फेब्रुवारी, रात्री ८.५०

न्यू जर्सीहून. उशिरा आलो, धागा आवडला. पण चित्र कुणी नीट पाहिलंय का?

तो आंबा हापूस नाही.

लाल खांदे, हिरवं पोट, तुकतुकीत साल. हा टॉमी ॲटकिन्स. मूळ फ्लोरिडातली जात, इथल्या दुकानांत वर्षभर पडलेली असते, कारण टणक असते आणि प्रवासात टिकते. चवीबद्दल न बोललेलं बरं, रेषाच जास्त. मी दर आठवड्याला त्या ढिगाकडे बघतो आणि दर आठवड्याला पुढे जातो. २००७ साली भारतातले आंबे इकडे यायला परवानगी मिळाली, लासलगावला किरणोत्सर्गाची प्रक्रिया करून यायचे. तेव्हा पहिल्या वर्षी एका पेटीला दिलेली किंमत मी अजून बायकोला सांगितलेली नाही.


करवतकाठी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.०२

अय्या, खरंच की! मला वाटलं प्रकाशामुळे लाल दिसतोय.


पंचगंगाकाठी | १४ फेब्रुवारी, रात्री १२.१५

तोंड लपवायला जागा नाही. फुकट फोटोंच्या साइटवर 'मँगो' टाइप केलं आणि सर्वांत देखणा उचलला. मी जन्मभर हापूस खाल्लाय. पण सहा दिवस त्या फोटोकडं बघताना मला रंग दिसला, सावली दिसली, आंबा दिसला नाही.

बायकोनं लगेच देवगडला फोन लावला. ते म्हणाले, "हो, आमच्या लक्षात आलं होतं. पण वाटलं नमुन्याला घातला असेल. म्हणून तर म्हटलं ना, आमच्या पेट्यांचे पाच फोटो घाला."

तीन वेळा मी त्यांना मोकळ्या जागेवर व्याख्यान दिलं आणि तीनही वेळा ते मला सभ्यपणानं सांगत होते की आंबा चुकलाय.

रविवारी देवगडला जातोय.


ब्रशवाल्याची लेक | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

रस्त्याच्या पलीकडे उभे राहा!


पंचगंगाकाठी | २३ फेब्रुवारी, रात्री ९.३०

जाऊन आलो. राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट. लांबलचक लिहितो, क्षमस्व.

पहिल्या मोहराची थोडी फळं उतरायला लागलीत. पडवीत गवत अंथरून आढी घातलेली, शेजारी वजनकाटा. एक काकी फळ हातात घेऊनच वेगळं करत होत्या, काटा फक्त माझ्यासारख्यांची शंका फेडायला. मी कॅमेरा काढलाच नाही दोन तास. बागायतदारांच्या शेजारी खुर्ची टाकून त्यांचे फोन ऐकत बसलो. अकरा फोन आले. वहीत प्रश्न लिहून घेतले.

मला वाटलं होतं पहिला प्रश्न भावाचा असेल. नाही. अकरांपैकी सात जणांनी सुरुवात केली ती अशी: "खरंच देवगडचाच का? का कर्नाटकचा मिसळलेला?" मग आकार. मग 'पाडव्याला मिळेल का'. भाव चौथा. आणि बागायतदार पहिल्या प्रश्नाचं उत्तर प्रत्येकाला एकाच पद्धतीनं देत होते: "आमच्या वडिलांनी कलमं लावलीत हो, कातळ फोडून. येऊन बघा."

तेव्हा मला त्या वडिलांच्या फोटोचा अर्थ लागला. मी तो हौस समजत होतो. तो पुरावा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो काढले. वडील, वय ऐंशीच्या पुढं, कातळावर कलमाला हात लावून उभे, मागं बाग. उघडी पेटी, गवतासकट. तीन आकारांची फळं एका ओळीत, प्रत्येकाखाली ग्रॅम लिहिलेले, आणि शेजारी त्या काकींचा हात. ('हातात बसतो केवढा ते कळू दे', ही त्यांचीच सूचना. करवतकाठी, तुमचा लिंबाचा भाऊ मनात होताच.) आधी त्या हात द्यायला तयार नव्हत्या, नखांत चीक होता म्हणून. मी म्हटलं तो राहू दे.

नवीन पान असं: वर वडील आणि बाग, त्यावर ठळक ७०० वजनात नाव, शिरोरेषा अखंड. लगेच खाली फोन नंबर, बोटानं दाबला की लागेल एवढा. मग उघडी पेटी, मग आकार, मग पोचायचे दिवस आणि साक्याबद्दल दोन ओळी. फोनवरचे प्रश्न ज्या क्रमानं आले त्याच क्रमानं पान खाली जातं. गणपतीवर तह झाला: तो पेटीवरच्या लेबलवर आधीपासून आहे आणि लेबल फोटोत दिसतंय. जीआयचं प्रमाणपत्र त्यांच्याकडं होतं, क्रमांकासकट टाकलं.

फिरती पट्टी नाही दिली. पण तिच्यामागचं मागणं बरोबर होतं, आज माल आहे की नाही हे वर दिसायला हवं. तर एक साधी ओळ केलीय, तारीख आणि 'आज तयार पेट्या' एवढीच. ती ते स्वतः फोनवरनं रोज बदलतील.


आडवी रेघ | २३ फेब्रुवारी, रात्री ११.१०

पाहिलं. वा! भाषा मराठी नोंदवलीत, ल सुधारला. एक सांगू? मोकळी जागा गेलेली नाही. आधी ती आंब्याभोवती होती, आता ओळींमध्ये आणि दोन फोटोंच्या मध्ये आहे. त्यांना पान भरलेलं वाटतंय आणि तुमच्या डोळ्याला त्रासही होत नाही.

एक बारीक गोष्ट: 'दुसऱ्या दिवशी पोचेल' मधला ऱ्या दोन ठिकाणी दोन तऱ्हांनी टाइप झालाय. दिसायला सारखे आहेत, पण साइटवर शोधताना एक सापडेल आणि दुसरा नाही. आणि 'आमच्याविषयी' मधला मजकूर जुन्या छापील पत्रकातून चिकटवलाय का? मधेच एक ओळ इंग्रजी चिन्हांची खिचडी झालीय. श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचं असणार. तेवढं युनिकोडमध्ये नव्याने टाइप करा.


पंचगंगाकाठी | २३ फेब्रुवारी, रात्री ११.२५

बरोबर ओळखलंत, पत्रकातलंच. सकाळी पोरगा करेल.


खवचट खान | २४ फेब्रुवारी, सकाळी ११.००

सगळे गहिवरलेत म्हणून उलट बाजू मांडतो. मीही हाच धंदा करतो, नाशकात. 'गिऱ्हाइकाचं ऐका' हे ऐकायला गोड आहे, पण दहांतले आठ गिऱ्हाईक जे मागतात त्यामागे काही दडलेलं शहाणपण नसतं. शेजाऱ्याच्या साइटवर आहे म्हणून पाहिजे असतं. माझ्याकडे एका क्लासवाल्यांनी पहिल्या पानावर बेचाळीस मुलांचे फोटो लावून घेतले. एकाचाही चेहरा ओळखू येत नाही. तिथे कुठल्या कातळावर जाऊन बसू?

आणि पस्तीस हजारांत दोन दिवस देवगड, पेट्रोल, सहा दिवसांचं वाया गेलेलं काम. हिशोब मांडलात का?


ताळेबंद | २४ फेब्रुवारी, सकाळी ११.२०

शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन.


ब्रशवाल्याची लेक | २४ फेब्रुवारी, दुपारी १.१५

खवचटराव, त्या बेचाळीस मुलांच्या आईवडिलांना त्यांचा चेहरा बरोबर ओळखू येत असेल. क्लास पुढल्या वर्षी कोण भरतं? त्यांचीच धाकटी भावंडं.


खवचट खान | २४ फेब्रुवारी, दुपारी १.४०

हं. हे मला क्लासवाल्यांनी सांगितलं नाही.


पंचगंगाकाठी | २४ फेब्रुवारी, रात्री १०.०५

हिशोब मांडला. तोटाच आहे. बायकोनं भिंतीवर कागद चिकटवलाय: 'आधी गाव, मग रंग. गावाचे पैसे वेगळे.' इथून पुढं दरपत्रकात पहिली ओळ 'प्रत्यक्ष भेट व फोटो' अशी, तिची रक्कम वेगळी आणि आगाऊ. काल एका गूळवाल्यांना तसं दरपत्रक पाठवलं. त्यांनी बाकी सगळ्यावर घासाघीस केली, त्या ओळीवर केली नाही.


पंचगंगाकाठी | ९ जून, सायंकाळी ६.४५

धागा वर काढतोय. हंगाम आटोपला. उरलेले पैसे आले, पेटीसकट. किती विकलं ते त्यांचं ते जाणोत, पण 'देवगडचाच का' असं विचारणारे फोन कमी झाले म्हणाले.

सांगायचं कारण वेगळंच. आज सकाळी त्यांचा फोन आला. "पाऊस धरलाय, आंबा संपला. लोक अजून ऑर्डर टाकतायत, आता साइटवर काय करायचं?" मी म्हटलं, एक पाटी लावू. तर म्हणाले, "पाटी नको. ते तुमचं पहिलं रिकामं पान ठेवलंय का अजून?"


वायव्येचा वारा | ९ जून, रात्री ९.१०

आंबा बदललात ना त्यातला?


पंचगंगाकाठी | ९ जून, रात्री ९.१८

आंबाच काढला. फक्त गवत ठेवलंय, आणि खाली 'पुढच्या पाडव्याला'. ७०० वजनात.


ताळेबंद | ९ जून, रात्री ९.३०

त्या पानाचे पैसे लावलेत का?


पंचगंगाकाठी | ९ जून, रात्री ९.३२

बायकोनं लावले.